बकध्यान

क्लिदरोच्या या घराबरोबर तळंही आलं,
नऊ सोनेरी मासे, एक बेडूक,
आणि शेडमधल्या स्विचवर आधीच्या मालकाची चिठ्ठी :
'बंद करू नये.'
मी बंद केलं नव्हतं.
तरी एप्रिलातल्या एका मंगळवारी
धबधब्याची धार सकाळी करंगळीएवढी झाली,
दुपारी दोऱ्याएवढी,
चहाच्या वेळी दगड नुसता ओला.

प्रेस्टनच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं
मी डायलिसिसची यंत्रं सांभाळली.
धार अडली की सुरुवात कुठून करायची
ते मला कुणी शिकवू नये.
आधी वीज. फ्यूज बदलला.
शेजारच्या एन्टविसलांनी कुंपणावरून मीटर दिला,
"पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढ हं, रुशा."
(वृषालीतलं एवढंच त्यांच्या तोंडात मावतं.)

मग पंप वर ओढला.
झाकणाआड शेवाळाची जटा,
पंख्याच्या पात्यात एक गोगलगाय, तीही रिकामी.
दात घासायच्या जुन्या ब्रशने आस घासला,
बादलीत लावून पाहिला
तर पाणी उसळून थेट माझ्या चष्म्यावर.
म्हणजे पंप ठणठणीत.
धबधबा तरी कोरडा.

राहिला फिल्टर.
संशय आला की माणसाचा हात जड होतो.
चारी स्पंज बाहेर काढले,
अंगणातल्या नळाखाली धरून पिळले,
पिळले, नितळ पाणी गळेपर्यंत.
एन्टविसल पलीकडून काही बोलायला गेले
आणि थांबले.

रात्री अंथरुणात उठून बसले.
ती तपकिरी घाण म्हणजेच तर तळ्याचं मूत्रपिंड,
वर्षानुवर्षं वस्ती केलेले जिवाणू,
आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन.
सव्वीस वर्षं, रोज, पहिला पेशंट खुर्चीत बसण्याआधी
क्लोरीनचीच तपासणी करून
मी सही करत होते.

बुधवारी पाणी दोन बोटं उतरलेलं.
रात्रभर पाऊस होता, तरी उतरलेलं.
तेव्हा कुठे मी यंत्रावरची नजर काढून
जमिनीकडे पाहिलं.
लॅव्हेंडरखाली चिखल,
आणि चिखलात एका पायावर उभा
माझा बगळा.
प्लास्टिकचा, साडेबारा पौंडांचा.
खऱ्याने दोन मासे नेले म्हणून
रविवारी मीच रोवलेला,
वाऱ्याने पडू नये म्हणून सळई चांगली खोल,
टाचेने दाबून.
सोमवारच्या वाऱ्यात डोलला असणार.

सळई उपसली.
भोकातून पाणी बुडबुडत वर आलं.
खालची नळी आरपार.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात;
इथे चोरही हाच, डोळे मिटून ध्यानाला बसलेला संन्यासीही हाच,
फाशी मात्र स्पंजांना.

नळी जोडायला वीस मिनिटं लागली,
एक सांधा, दोन क्लिपा.
धार परत आली, तिचा काही आनंद झाला नाही.
मासे तळाशी, कल्ले जरा जास्तच हलताहेत.
खाणं बंद केलं. चाचणीची पट्टी बुडवली,
रंग मला नको होता तोच.

संध्याकाळी एन्टविसल बादली घेऊन आले.
त्यांच्या तळ्याचं पाणी, आणि त्यात
त्यांच्या फिल्टरमधला एक स्पंज,
काळा, बुळबुळीत, वास येणारा.
"धुऊ नकोस," एवढंच म्हणाले.
आमच्या युनिटात याची वाट पाहत
माणसं यादीत म्हातारी व्हायची.
मी तो दोन्ही हातांनी घेतला.

बगळा आता शेडमध्ये आहे, भिंतीकडे तोंड करून.
आधीच्या मालकाच्या चिठ्ठीखाली मी लिहिलं :
'स्पंज नळाखाली धुऊ नयेत.'
मग थोडा विचार करून
खाली इंग्रजीतही.