पाणीपट्टी

बिल आलंय.
'मीटर बंद, सरासरी आकारणी', असा निळा शिक्का.
ऑगस्टचेही पैसे लावलेत,
त्याच ऑगस्टचे, ज्यात नऊ दिवस
नळाला थेंब नव्हता
आणि घरात कमरेएवढं पाणी होतं.

वॉर्ड ऑफिसच्या खिडकीतून हे सांगितलं
तर हंजेबाई म्हणाल्या, कमरेएवढं म्हणजे
कुणाच्या कमरेएवढं?
चेष्टा नव्हती ती.
अर्जात फूट आणि इंच लिहावे लागतात.

आमच्याकडे जुलै लागला की
'जेवलासा का'च्या आधी विचारतात
'बंधाऱ्याला किती?'
अडतीस म्हटलं की फ्रीजखाली विटा.
एकोणचाळीसला विटांवर विटा.
एकेचाळीसला गाद्या माळ्यावर,
गॅसची टाकी शेजारच्या गच्चीत,
आणि त्रेचाळीसच्या आदल्या रात्री
फुलारींची म्हैस दावं ओढून
स्वतःच चढाच्या दिशेनं तोंड करते.
तिला आकडा कोण कळवतं, ठाऊक नाही.

उपशाचे पंप बुडले की शहराचे नळ आटतात.
नदी उंबऱ्याच्या आत
आणि आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत.
पाहुण्यांना हे फोनवर समजावता येत नाही.
ते म्हणतात, अहो, एवढं पाणी आहे की!

दस्तगीर जमादार, आमच्या गल्लीचा चावीवाला.
एकवीस वर्षं रोजंदारीवर.
खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन पहाटे चारला येतो,
साडेपाच आटे आमच्यासाठी,
मग तेवढेच उलटे,
वरच्या आळीच्या शिव्या थांबाव्यात म्हणून.
पूर उतरताना, गुडघाभर गाळात
तो पायानं व्हॉल्व्ह चाचपत होता,
अंधारात कुणी आपली चप्पल शोधावी तसा.
सापडला तेव्हा ओरडला नाही.
डोळे मिटून आटे मोजत राहिला.
नळानं आधी हवा ओकली,
मग चिखल, मग एक गांडूळ,
आणि दुपारच्याला चहाच्या रंगाचं पाणी.
तुरटी फिरवून आम्ही तेही भरलं.
त्याच्याच घरी त्या दिवशी पाणी आलं नाही.
त्याची गल्ली दुसऱ्या चावीवाल्याकडे.

पंचनाम्याला एक गुरुजी आले,
शाळेत निवारा केंद्र, म्हणून मोकळे.
पाणी कुठवर?
मी दाराची चौकट दाखवली.
डावीकडे पेन्सिलीनं पूर्वाची उंची, दर वाढदिवसाची.
उजवीकडे पाण्याच्या तपकिरी रेघा, कुणी न आखलेल्या.
एकोणीस साली पाणी तिच्यापेक्षा वीतभर उंच होतं.
एकवीसला दोघं बरोबरीत.
यंदा ते तिच्या कमरेशीच थांबलं.
गुरुजींनी टेप लावला, तीन फूट दोन इंच लिहिलं,
मग फॉर्मात तसा रकाना नसताना
तिला विचारलं, कितवीत आहेस?

तोच आकडा मी आता अर्जात घातला.
हंजेबाईंनी अर्ज घेतला, तारीख टाकली,
आणि फाईल काढायला कपाट उघडलं.
खालचे दोन कप्पे फुगलेले,
पानं एकमेकांना चिकटून त्यांची पावासारखी लादी झालेली,
आणि लोखंडी दारावर, आतल्या अंगाला
आमच्या चौकटीवरची तीच रेघ.
ह्याच्या खालचं काही वाचता येत नाही बघा, त्या म्हणाल्या.
तुमचा मागचा अर्जही ह्यातच असेल.
दोघीही त्या रेघेकडे थोडा वेळ बघत राहिलो.
मागून कुणीतरी खाकरलं.

पैसे मी भरले. दंड नको.
पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली,
वरच्या कप्प्यात, सवयीनं.

बंधाऱ्याला आज एकोणीस.
फ्रीज अजून विटांवरच आहे, काढू काढू म्हणतो.
दूध घ्यायचं तर मला टाचा उचलाव्या लागतात.
पूर्वाला लागत नाहीत.