डावा पाय

लोक आधी किंमत विचारतात, मग कंपनी,
मग जरा खालच्या आवाजात, आवाज किती मोठा होतो ते.
कायानीत नोव्हेंबरातला दिवस तीनलाच आटोपतो
आणि अंधार पडला की मुलं येतात दुकानात,
काळे शर्ट, त्यांवर झाडाच्या मुळ्यांसारखी गुंतलेली नावं,
त्यांची त्यांनाही न वाचता येणारी.

त्यांना मी सांगतो:
बास फुगवलेला घेऊ नका.
ढोलावर दोन्ही पाय सुटले की
प्रत्येक ठोक्याने आपली शेपूट आवरून
मागच्याला जागा द्यायला हवी,
नाहीतर लापशी होते.
गिटार करवतीसारखी, कबूल,
पण करवतीलाही दाते असतात, ते मोजता आले पाहिजेत.
बंद पाठीच्या हेडफोनात कानशिलं तापतात,
उघड्या पाठीच्यात शेजारी.
मुलं मान हलवतात
आणि सगळ्यांत जास्त बासवाला घेऊन जातात.

टेलर्वोबाई आल्या त्या दिवशी बर्फ अजून धरला नव्हता.
टपालखात्यात होत्या, पत्रं वेगळी करायच्या.
टोपी काढली नाही. फोन काउंटरवर ठेवला.
"माझ्या मुलाचं आहे. ओस्मोचं. मागे बसून बडवतो तो."
आणि गाणारा?
"तो आमच्याकडे पॅनकेक खायला यायचा.
तेव्हा नीट बोलायचा."

पहिला हेडफोन लावला. म्हणाल्या, "यात ओस्मो नाहीच."
दुसरा. "यात नुसती भिंत पडतेय. सारखी पडतेय."
तिसरा महाग होता, त्याची किंमत मी न सांगताच पुढे केला.
"यात सगळे आहेत, पण आंघोळ करून आलेत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग खिडकीतला राखाडी उतरवला,
तीन वर्षं उन्हात, म्हणजे जे काही ऊन आम्हाला मिळतं त्यात,
वायरीवर कापडाचं वेष्टण, एका स्क्रूला गंज,
उघड्या पाठीचा, बासला जरा कंजूष.
मीच कुणाला सुचवत नाही.

ऐकताना त्यांनी डोळे मिटले नाहीत.
किमतीच्या चिठ्ठ्यांकडे बघत होत्या,
आणि काउंटरवर दोन बोटं चालायला लागली,
उजवं डावं उजवं डावं,
कुठल्याही टपालबाईची चालणार नाहीत इतकी भरभर,
आणि डावं किंचित मागे,
अगदी केसभर.

"हा," त्या म्हणाल्या. "हा आहे त्यात."

अकरा वर्षांचा असताना
सौनाच्या छपरावरून बर्फात उडी मारली,
बर्फाखाली सरपण रचलेलं.
घोटा गेला. डॉक्टर म्हणाले, बरा झाला. बरा झालाच.
"पण जिन्यावरून कोण उतरतंय
ते मी चुलीकडे तोंड करूनही सांगते."

तो वर वाजवायचा, त्या खालून
झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. सात वर्षं.
"मी मात्र कधी तालात ठोकलं नाही."
छताला तिथे रुपयाएवढा खळगा पडलाय, म्हणाल्या,
नाही, रुपया नाही म्हणाल्या त्या, दोन युरोएवढा.

आता तो उत्तरेला खाणीवर आहे,
दिवसभर कान झाकून काम करतो.
पैसे रोख दिले. खोका नको म्हणाल्या.
वायर स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत पुरेल का, विचारलं.
नाही, म्हटलं, दीड मीटर आहे.
"मग खुर्ची सरकवेन."

रात्री शटर ओढून
मी ते गाणं शोधून काढलं,
दुकानातल्या सगळ्यांत महागड्या जोडीवर लावलं.
पंचवीस वर्षांचे कान, धंद्याचे.
करवत ऐकू आली, तिचे दाते ऐकू आले,
पॅनकेक खाणारा मुलगा घशाची सालं काढत होता,
मागे एक खुर्चीसुद्धा करकरली.
पाय ऐकले. पुन्हा ऐकले. चार वेळा.
दोन्ही सारखेच पडत होते.