खोली भाड्यानं देताना

ही किल्ली वरच्या कुलुपाची. खालचं लावू नकोस,
रात्री तर मुळीच नको. हललं की चौकट आवळते,
आणि आवळलेल्या दाराआड किल्ली चाचपडायला
आमच्या तालकाउआनोत कुणाला सवड मिळत नाही.

कपाट भिंतीला जखडलंय, चार बोल्टांनी.
पाचवा नोल्बेर्तोनं उगाच मारला. स्वभाव.
नवरा माझा. गेला. भूकंपात नाही, फुप्फुसानं.

पलंग खिडकीपासून दीड हात लांब.
पलंगाखाली चपला नकोत, बूट ठेव, बंद बूट.
काच आधी फुटते, माणूस नंतर उठतो.
माझ्या बहिणीनं अनवाणी अंगण गाठलं होतं,
तिच्या टाचेत अजून एक कणी आहे,
थंडी पडली की बोलते.

गॅसची तोटी इथं. डोळे मिटून सापडली पाहिजे.
मिट. शोध. नाही, ती पाण्याची. पुन्हा.
हं.

पाण्याचे दोन कॅन, पहिल्या रविवारी बदलायचे,
जुनं पाणी कुंड्यांना.
फळीवरच्या बरण्यांपुढे ही सुतळी. हसतेस?
सुतळीनं बावीस बरण्या वाचवल्यात,
आणि एकदा आमचं लग्न.

शिट्टी ही घे, उशीखाली ठेव.
ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

बारीकसारीक हादऱ्याला उठायचं नाही.
दिवा झुलला तर आम्ही नुसतं त्याच्याकडे बघतो,
उशिरा घरी आलेल्या पोराकडे बघावं तसं.
पण पायांवर उभं राहवेना असं झालं
तर थांबलं की टेकडी. मागे वळायचं नाही.
समुद्र मागून येतो, आणि कधीकधी जेवणं उरकून येतो.

एवढं मी एका दमात सांगितलं.
मिर्लांद ऐकत होती, मूल कडेवर,
हैतीहून आलेली, आमची भाषा
ओल्या फरशीवरून चालावं तशी बोलणारी.
मान हलवत होती. मला वाटलं,
हिला काय कळणार.

मग तिनं मूल माझ्या हातात दिलं,
खुर्ची ओढली, वर चढली
आणि तळहात छताला लावला,
तापलेल्या कपाळाला लावतात तसा.
पेरानं ठोकलं. लाकूड.
दुसरीकडे ठोकलं. लाकूडच.
"वर काय आहे?"
पत्रा, म्हटलं. मांजरं. पाऊस.
"सिमेंट नाही?"
नाही.
"अजिबात?"
अजिबात नाही गं.

ती उतरली. खुर्ची होती तिथं ठेवली.
मला ते वर्ष आठवलं. जानेवारीत त्यांचं,
फेब्रुवारीत आमचं. त्यांचे स्लॅब
आम्ही टीव्हीवर पाहिले होते, एकावर एक,
मध्ये बोटभर फट,
चुकचुकलो होतो, मग कुणीतरी मीठ मागितलं होतं.

भाडं मी मनात जे धरलं होतं
त्याहून कमी सांगितलं. तिनं घासाघीस केली नाही.
दारातली पिशवी आत आणली, गाठ सोडली:
कागदपत्रं, टॉर्च, मुलाचे इवलाले बूट,
आणि एक शिट्टी, रेफ्रीच्या गळ्यात असते तसली,
काळी, प्लास्टिकची,
तोंडाशी चावून चावून चपटी झालेली.
ती तिनं उशीखाली सरकवली, न बघता.

माझी नवी कोरी शिट्टी
मी मुकाट्यानं एप्रनच्या खिशात टाकली.
मूल अजून माझ्याच कडेवर होतं.