हिंगाचा डबा

पतसंस्थेच्या वह्या तपासायला
चार दिवस आचऱ्याला निघालो,
तेव्हा बायको म्हणाली, कोकणात काय, तांदूळच तांदूळ,
चैन आहे तुमची.

तिठ्यावरच्या खानावळीत फळ्यावर खडूने लिहिलेलं:
सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोंबडी वडे,
आणि खाली, दोनदा अधोरेखित,
चपाती मिळेल.
घाटावरच्या पाहुण्यांची सोय.
मी बार्शीचा. म्हणजे ती माझीच सोय.

गौरेश नावाचा पोरगा पाण्याचा तांब्या ठेवून गेला.
परत आला तेव्हा मी सुरुवात केली.
मला गहू चालत नाही.
उपास आहे?
नाही.
जैन?
अरे, सुरमई मागतोय मी.
मग डाएट, असं त्यानेच ठरवलं
आणि माझ्या पोटाकडे जरा संशयाने पाहिलं.

सुरमईला वरून काय लावता?
रवा. कुरकुरीत होते.
रवा कशाचा असतो?
तो थांबला.
समोरच्या टेबलावरचे दोघे ट्रकवालेही थांबले.
रवा रव्याचा असतो, असंच तोवर
सगळ्यांचं चाललेलं होतं.

मग वड्यांच्या भाजणीत मूठभर गहू निघाला,
वडे तळलेल्या तेलात पापलेट निघालं,
चपातीच्याच तव्यावर भाकरी निघाली.
मला सवय आहे. एक नोंद ओढली
की मागून चार येतात.
फक्त वह्या तपासताना भूक लागलेली नसते.

आतून शेवंती मयेकर आल्या, हातात उलथनं,
कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा.
(पीठ कशाचं, हे मी आधी पाहिलं.)
गहू खाल्ल्यात तर काय होता?

एरवी मी म्हणतो, पोट बिघडतं.
लग्नात म्हणतो, आत्ताच जेवून आलो.
त्या दुपारी का कोण जाणे सगळं सांगितलं.
आठ वर्षं भलतीच औषधं,
सत्तेचाळीस किलोवर आलेलं वजन,
आणि आई, जी दर महिन्याला एस.टी.ने
खपलीचं पीठ पाठवायची.
हा आपल्या रानातला आहे, हा नाही बाधायचा.
मी ते शेजारी देऊन टाकायचो
आणि फोनवर सांगायचो, पोळ्या मऊ झाल्या.
तिला शेवटपर्यंत नाही सांगितलं.

बाई काहीच बोलल्या नाहीत.
नको हो, असं म्हणेल कुणी, वाईट वाटलं म्हणेल,
तर तेही नाही.
आत भांडी सरकल्याचा आवाज.
तवो येगळो काढतंय, बसा.

अर्ध्या तासाने ताट आलं.
तांदळाची भाकरी, वाफ धरून फुगलेली,
नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवलेली सुरमई,
तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात, डाळ.
डाळीला वास होता.
मी चमचा खाली ठेवला.
हिंग आहे यात?
मगे? हिंगाशिवाय डाळ?
डबा बघू का जरा.

चष्मा नव्हता त्यांच्याकडे, मी वाचून दाखवलं.
अक्षर मुंगीएवढं, पण होतं.
हिंग थोडा, डिंक,
आणि सगळ्यात आधी, गव्हाचे पीठ.
बाईंनी डबा हातात घेऊन हलवला,
जणू तो आता वेगळा वाजेल.
म्हणजे तीस वर्सां मी हिंग म्हणान गहू घालतंय?
ट्रकवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला.
बाई नाही हसल्या. त्यांनी डाळीची वाटी उचलली,
बोट न बुडवता, लांबून धरून,
आणि अख्खी मोरीत ओतली.

रात्री लॉजवर मी पोटाची वाट पाहत पडलो.
खाडीकडून होडीच्या यंत्राचा आवाज येत होता.
दहा वाजले, बारा, दोन.
बाहेर जेवलेली प्रत्येक रात्र
अशी घड्याळाला बांधलेली असते.

दुसऱ्या दिवशी चप्पल काढायच्या आतच
गल्ल्यावरून हाक आली, भरल्या खानावळीत,
पोटाचा काय झाला?
दहा-बारा माना वळल्या.
एरवी मी अशा वेळी मेलो असतो.
बरं आहे, म्हणालो, जरा मोठ्यानेच.

फळ्यावर चपाती तशीच होती, दोन रेघांसकट.
मांडणीवर हिंगाचा डबा मात्र
तोंड भिंतीकडे करून ठेवला होता.