काय ते द्या

हर्णै बंदरावर सगळ्याला भाव आहे
आणि मला तो तोंडपाठ.
पतसंस्थेचं पिग्मी मशीन गळ्यात अडकवून
चार ते आठ फिरते मी,
कोण कशाचे किती घेतं, विचारावं लागत नाही.
कोलंबी सोलणारीला किलोवर.
बर्फ फोडणाऱ्याला लादीवर.
किल्ल्यावर नेणारा होडीवाला डोकी मोजतो.
नारळ पाडणारा गजानन
यंदा झाडामागे वीस जास्त घेतो,
म्हणतो, झाडं उंच झाली,
आणि हसत नाही.
लिलावात तर नुसती मान हलली
की हजार चढतात.

मिसबा चारला पाच कमी असताना येते.
दहावीत आहे. सकाळची शाळा,
दुपारी आईबरोबर सुकटीच्या पाट्या,
मग आमच्याकडे, दप्तरासकट.
माझा निमिष दीड वर्षाचा,
सध्या चपला खातो.
पहिल्या दिवशी विचारलं, किती घेशील?
तिने अंगठ्याने अंगण उकरलं.
"काय ते द्या, काकी."

काय ते!
महिनाभर या दोन शब्दांनी झोप नाही.
सासूबाई म्हणाल्या, पोर खेळवायचे कसले पैसे,
ईदला एक ड्रेस शिवून दे.
शेजारची म्हणाली, ती तरी घरी काय करणार होती?
दिराने पुण्याहून फोनवर सांगितलं,
इकडे तासाला दोनशे देतात,
पण तू नको देऊस हां, सवय बिघडते.
कोणाची, ते बोलला नाही.

मग मीच पावतीच्या पाठकोऱ्या बाजूला मांडायला बसले.
भरवणं. अर्धं बाहेर येतं, ते धरायचं का?
शी-शू.
हा पाण्याकडे सुटतो तेव्हा तिचं मागे धावणं.
आणि ती एक रात्र:
आंजर्ल्याच्या पुलावर माझी स्कूटी बंद,
बंदरातली लाईट गेलेली,
आठचे साडेनऊ झाले.
येऊन बघते तर हा तिच्या खांद्यावर गाढ
आणि ती पडवीत उभी.
बसले की उठतो, म्हणाली,
म्हणून दीड तास उभीच.
उभं राहण्याचा भाव
बंदरात कोणाला विचारू?

मला स्वतःला शेकड्याला तीन मिळतात.
महिन्याचे अकरा, फार तर बारा हजार.
पाकिटात पंधराशे घातले,
वर एक कॅडबरी ठेवली, म्हणजे कमी दिसू नयेत.

तिने पाकीट घेतलं नाही आधी.
भूमितीच्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं,
पट्टीने आखलेलं:
एकूण तास एकशे एक पूर्णांक एक द्वितीयांश.
वजा: निमिष झोपला, एकतीस तास.
(तेव्हा माझा अभ्यास झाला.)
वजा: मारी बिस्किटं, सहा.
(मी खाल्ली.)
रुपये कुठेच नाहीत.

मी ते पान दोनदा वाचलं.
म्हटलं, मिसबा,
जेटीवरचा राखणदार रात्रभर काय राखतो?
झोपलेल्या होड्याच ना?
त्याचा पगार कोणी वजा करतं का?
तिने विचार केला. खरंच केला,
भुवया जवळ आणून.
मग रबराने वजाबाकी खोडली,
फुंकर मारून कचरा उडवला
तो निमिषच्या डोक्यावर.

तासाला तीस, मी म्हटलं.
"पस्तीस."
इतक्या झटक्यात, की मी दचकले.
हा आवाज मी रोज संध्याकाळी ऐकते,
वाळूत, टोपलीच्या पलीकडून,
पण तो तिच्याकडे आहे हे ठाऊक नव्हतं.
बत्तीस म्हणणार होते. सवयच आहे.
जीभ दाताखाली धरली.

तीन हजार पाचशे बावन्न रुपये पन्नास पैसे.
पंधराशे हातात,
बाकी दोन हप्त्यांत, पावतीवर सही करून.
"आणि पन्नास पैसे गं? नाणंच चालत नाही आता."
ती निमिषच्या तोंडातून माझी चप्पल सोडवत होती.
वर न बघता म्हणाली,
"त्याचं काय ते बघा."