जादा

बर्तन बाजारात, तिसऱ्या पायरीवर
मी आणि माझं मशीन.
अक्षराला पाच रुपये, काना-मात्रा फुकट.
दादा होते तेव्हा छिन्नी होती,
आता विजेची सुई थरथरते
आणि ठिपक्याठिपक्यांनी उमटतात नावं
तांब्यांवर, ताटांवर,
मामाकडून आलेल्या परातीच्या काठावर.

दुपारी खजराण्याहून इद्रीस रफूगर आले.
फडक्यात एक वाटी, काशाची,
तळाला जुनी अक्षरं, अंगठ्यानं झिजलेली.
"पोता हुआ है, बाई. एमवाय में है, काँच के बक्से में."
मग दोन तळवे एकमेकांजवळ आणून
वजन दाखवलं: एक किलो चारशे.
"लिखो, ज़ैद."

मी ज काढला.
ते वाकून म्हणाले, खाली नुक्ता.
म्हटलं, आमच्यात नुक्ता नसतो चाचा,
आमचा ज जिभेला विचारून ठरतो.
जरा म्हणजे म्हातारपण
आणि जरा म्हणजे थोडंसं,
लिहायला एकच.
चुकीचा ज तोंडात आला
तर माणूस थोडासा व्हायचा तो म्हातारा होतो.

ते हसले. मग मीच विचारलं, अर्थ काय?
"बढ़ना. ज़्यादा होना. ज़्यादा इसी घर का लफ़्ज़ है."

म्हणजे जादा.
रोज दहा वेळा ऐकते मी तो,
"बाई, जादा सांगता तुम्ही."
जादा तास, जादा भाडं, जादा मीठ.
कुठल्या वाळवंटातून निघाला असेल,
कुणा कारकुनाच्या मोडी वहीत
रकाना होऊन बसला असेल,
आणि माझ्या ओठांवर येईतो
एवढाही बदलला नाही,
दातांना घासून जाणारा तोच ज.

चाचा सांगत राहिले. फार जुनं नाव.
किताबात आहे, एकाच जागी.
मदरशात व्याकरण शिकले तर
प्रत्येक उदाहरणात हाच,
ज़ैदने अम्रला मारलं.
"सदियों से पिट रहा है बेचारा अम्र."
आमच्या शाळेत राम आंबा खायचा, मी म्हटलं,
अजून संपलेला नाही.

वाटी त्यांच्या थोरल्या चुलत्याची.
ज़ैद पहिलवान.
दारातून तिरके होऊन आत यायचे,
आणि जन्मले तेव्हा, म्हणे,
रुईच्या पेटीत ठेवले होते.

मराठीत सांगायचं तर वाढ.
पण आम्ही हा शब्द भलत्याच जागी ठेवून देतो.
नारळ वाढवतो, फोडत नाही.
दादा गेले त्या दिवशी आत्या म्हणाली,
हिच्या बांगड्या वाढवा.
मी नऊ वर्षांची.
मला वाटलं, आणखी भरतील.
कासाराला हाक मारायला
मी जिन्यापर्यंत गेलेही होते.

आणि पानात भात पडतो, तेही वाढणंच.
हे चाचांना सांगितलं नाही,
वाटी हातात होती, सुई चालू होती.

जुनं नाव तसंच ठेवलं. काठाखाली नवं.
ज, दोन मात्रा, द.
शेवटी ज च्या पोटाखाली
सुई फक्त टेकवली, उचलली.
अख्खं नाव ठिपक्यांचंच,
पण हा एक बाहेर राहिला, एकटा.

"नुक्ते का कितना?"
म्हटलं, ठिपक्याचे घेत नाही मी.
त्यांनी तरी पंधरा ठेवले.
जादा झाले, म्हटलं.
ते वाटी फडक्यात बांधत होते,
गाठ दोनदा सुटली,
काही बोलले नाहीत.

संध्याकाळी पायरी झाडली, मशीनवर पोतं टाकलं.
समोरून लोखंडेंचा पोऱ्या ओरडला,
"वाढवलं का दुकान?"
वाढवलं, म्हटलं.
एमवायमध्ये या वेळेला
वजन करतात.