मधलं नाव

परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या खिडकीत
कारकुनानं फॉर्म माझ्याकडं वळवला
आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.
"हितं नवऱ्याचं नाव यायला पाहिजे की."

तिच्या पासपोर्टावर आडनाव आधी,
मग थी, मग ती.
न्वेन थी थुई.
मधे बाप नाही, नवरा नाही,
ही बाई आहे एवढंच सांगणारी एक थी.
(चुलतीनं ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली होती :
थुईथुई? मोर आणलास का रं भरतेश?)

कारकुनानं वळणदार अक्षरात लिहिलं,
थुई भरतेश मगदूम.
तीन आठवड्यांनी अर्ज परत.
या नावाची व्यक्ती पासपोर्टावर नाही.

मी शिरोलीला पॅटर्नमेकर.
लाकडाचा नमुना करताना
मीटरमागं दहा मिलिमीटर जास्त धरतो,
कारण बीड निवताना आकसतं.
हे पहिल्या वर्षी शिकवतात.
फॉर्म बनवणाऱ्यांना कुणी शिकवलं नसावं.

ती हायफाँगहून आली होती आमच्या मालातल्या खोडी काढायला.
पहिल्याच दिवशी एकशेचाळीस पंप-बॉडी बाजूला,
खडूच्या फुल्या मारून.
त्यातल्या अकरांवरून मी भांडलो.
नऊ वेळा तिचंच खरं होतं.
उरलेल्या दोनांवर अजून वाद आहे, घरी.

आता व्हिसावर लिहिलंय : नोकरी करता येणार नाही.
दुपारी ती आमच्या बिडाच्या तव्यावर बोट फिरवते
आणि वाळूची भोकं मोजते.
सतरा, असं मला मेसेज करते.

रात्री ताटं उचलली की टेबलावर कागद.
दर वर्षी मुदतवाढ मागत राहायची,
लग्न दोन वर्षं टिकलेलं दाखवायचं,
मग ते निळं कार्ड, मिळालं तर.
नाहीतर मी तिकडं,
बायकोच्या नावावर राहणारा, मुका,
भाजी घेताना बोटं दाखवणारा.
तिच्या मावसभावानं तिसराच देश सुचवलाय,
दोघांचाही नसलेला.
तिथं माणसाला गुण देतात :
वयाचे, भाषेचे, पदवीचे.
माझे आयटीआयचे गुण आम्ही तीनदा मोजले.
ती म्हणाली, पुन्हा मोज.
चौथ्यांदाही तेवढेच.

हवालदार चौकशीला आले ते आधी गल्लीत विचारून.
चौगुलेकाकूंनी सांगितलं होतं,
"भांडत्यात की रोज, दोन भाषांत.
नवराबायकोच हाइत, दुसरं कोण असं भांडतंय?"
हवालदारांनी चहा घेतला. फोटो पाहिले.
रंकाळ्यावरच्या एका फोटोत माझे डोळे मिटलेले;
त्यांनी तोच ठेवून घेतला.
गॅलरीत कुंडीमागं माशाच्या पाण्याची बाटली दिसली त्यांना.
आमच्या जैनाच्या घरात.
"ही कुणाची?" असं त्यांनी विचारलंच.
आईनं कुंडीला पाणी घातलं,
जास्तच घातलं.

दुसऱ्या खेपेला खिडकीत तोच माणूस.
मधलं नाव?
थी, ती म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे बाई.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं.
मग त्यानं लिहिलं, थी,
आणि एवढ्या मोठ्या चौकटीत ते एकच अक्षर
इतकं मोकळं बसलं
की त्यानं पेनची टोपी लावायला वेळ घेतला.

तिचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.
त्यातला स्वर खाली जाऊन वर येतो,
आरशातल्या जीपगाडीनं पंचगंगेच्या उतारावर
ब्रेक सोडावा तसा काहीतरी,
नाही, तसा पण नाही.
ती म्हणते, तू विचारतोस. विचारू नकोस, हाक मार.

पावती घेऊन आलो.
पुढची तारीख अकरा महिन्यांनी.
आईनं चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या.
"ह्यात सासूचं नाव कुठं लिवत्यात?"
कुठंच नाही.
"मग बरं हाय," म्हणाली,
आणि दोडका चिरायला घेतला.